ट्रॉलीसाठीं टायरांची निवड

बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली म्हणजे शेतकरी ती लोहाराकडून पुनः चढवून घेई. काम डोळ्यांदेखत होई, म्हणून तें चांगलें कीं वाईट हें त्यास तेथेंच कळे. रबरी टायराची गोष्ट निराळी आहे. दुकानांतील दोन टायर दिसावयास सारखे असले तरी त्यांची भार वाहण्याची शक्ति फार भिन्न असूं शकते. आम्हींहि एकदां मालमोटारीचे जुने टायर स्वस्त मिळाले म्हणून आमच्या ट्रॉलीस बसविले. नक्षी खोल होती, तेवढ्यावर आम्ही भुललों. ऊस घेऊन कारखान्यास जातांना एक टायर फुटला व ट्रॉली कलंडली. रस्त्यावर त्या वेळीं कोणी नव्हतें म्हणूनच प्राणहानि टळली. त्या अनुभवानंतर जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम भाराचा हिशेब करावा. रिकामी व भरलेली ट्रॉली वजनकांट्यावर घालून खरें वजन पाहावें. अदमासावर विसंबूं नये. समजा, चारचाकी ट्रॉलीचें वजन २ टन व मालाचें ६ टन आहे. एकूण ८,००० किलो, म्हणजे दर चाकास २,००० किलो झाले. परंतु खड्ड्यांत व कलत्या वाटेवर भार सारखा राहत नाहीं. म्हणून आम्ही त्यांत एक पंचमांश मिळवून २,४०० किलोंचा टायर पाहतों. दुचाकी ट्रॉलीचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर पडतो. तो हिशेबांतून वजा करूं नये.

आतां टायरावरील आंकडे वाचावे. ‘९.००-१६’ असें असल्यास पहिला आंकडा टायराची रुंदी व दुसरा रीमचा व्यास, दोन्ही इंचांत, दाखवितो. पुढें भारांक व वेगाचें अक्षर असतें. भारांक १३२ म्हणजे २,००० किलो व १४० म्हणजे २,५०० किलो. वरील उदाहरणांत १४० भारांकाचा टायर योग्य होय. ‘ए ८’ हें चिन्ह ताशीं ४० किलोमीटर वेगाचें आहे. ही शक्ति ठराविक हवेवर व ठराविक वेगावरच खरी, हें विसरूं नये. ‘१६ प्लाय’ असें लिहिलेलें असतें, त्याचा अर्थ आंत सोळा थर आहेत असा नव्हे. पूर्वींच्या सुती थरांच्या मानानें बळकटी सांगण्याची ती रीत आहे; नायलॉनचे थोडे थरहि तेवढें बळ देतात.

ट्रॉलीचें चाक ओढलें जातें, तें स्वतः ओढीत नाहीं. म्हणून ट्रॅक्टरच्या मागील टायरासारखी उंच दांत्यांची नक्षी त्यास नको. सरळ पट्ट्यांचा टायर रस्त्यावर हलका चालतो. काळ्या, ओल्या रानांत वरचेवर जावें लागत असेल तर रुंद व कमी हवेवर चालणारा टायर घ्यावा. त्यानें जमीन कमी दाबली जाते. एका आसावर एक रेडियल व एक साधा असे टायर कधींहि बसवूं नयेत.

टायराचें वयहि पाहावें. बाजूवरील चार आंकडे त्याचा जन्म सांगतात. ‘३५२१’ म्हणजे सन २०२१ चा पस्तिसावा आठवडा. रबर न वापरतांहि उन्हानें व काळानें कडक होतें. बाजूस भेगा वा फुगवटा दिसल्यास नक्षी कितीहि खोल असो, तो टायर घेऊं नये. आमची चूक हीच झाली होती.

नव्या टायरांत ट्यूब व फ्लॅप नवेच घालावे, व गंजलेली रीम घासून घ्यावी. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानें आंवळावे व पहिल्या खेपेनंतर पुनः तपासावे. हवा सकाळीं, टायर थंड असतां, मापानें पाहावी. हवा कमी असली म्हणजे टायराची बाजू फेऱ्यागणिक अधिक वांकते, आंत उष्णता वाढते, थर रबरापासून सुटतात व टायर फुटतो. अधिक भार घालून लिहिलेल्या मर्यादेपलीकडे हवा भरणें हाहि उपाय नव्हे.

शेवटीं एक सूचना. टायर बळकट घेतला म्हणून ट्रॉलीची नोंदलेली भारमर्यादा वाढत नाहीं. आस, पाटे व ब्रेक पूर्वींचेच असतात. टायराची किंमत पावतीवर दिसते; तो फुटल्यास होणारी हानि कोणत्याहि पावतीवर लिहिलेली नसते. ट्रॉलीच्या मागून दुसऱ्याचा मुलगा सायकलवर येत असतो, हें ध्यानांत ठेवून प्रत्येकानें हंगामापूर्वींच आपले टायर तपासावे, अशी आमची विनंति आहे.