पहारेकऱ्याची जुनी वही

मुलांनो, शाळेच्या फाटकाशी बसणारा पहारेकरी तुम्ही रोज पाहता. समजा, त्याच्याजवळ एक वही आहे आणि तिच्यात गावातल्या चोरांची छायाचित्रे चिकटवली आहेत. ज्याचे छायाचित्र वहीत आहे, त्याला तो दारातच अडवतो. पण वही जुनी असेल तर? नवा चोर त्याच्यासमोरून आत जाईल आणि पहारेकरी त्याला सलामही करील!

संगणकातला ॲन्टिव्हायरस हा असाच पहारेकरी. विषाणू म्हणजे नुकसान करण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. अशा प्रोग्रॅमच्या खुणा ज्या यादीत असतात, तिला डेफिनिशन्स म्हणतात. आजचा ॲन्टिव्हायरस एखाद्या प्रोग्रॅमच्या वागण्यावरूनही संशय घेतो. तरी यादीवाचून त्याचे भागत नाही.

1986 साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीवरून पसरला. फ्लॉपी हातोहात जाई, म्हणून विषाणूही सावकाश जाई. 1990 नंतरच्या काही वर्षांत नवी यादी टपालाने, फ्लॉपीवर आली तरी चाले. आता इंटरनेटमुळे विषाणू काही तासांत जगभर जातो. म्हणून विंडोजमधल्या डिफेंडरची यादी दिवसातून अनेकदा बदलते आणि संगणक ती आपोआप आणतो.

मात्र कोणी ही सोय बंद केली तर? आमच्या शाळेत तसेच झाले. मोबाइलचा डेटा लवकर संपतो, म्हणून आम्हीच ती बंद केली आणि विसरून गेलो. एके दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह कोणीतरी संगणकाला लावला. लगेच त्यातली सारी फोल्डरे शॉर्टकट झाली. दहावीच्या अंतर्गत गुणांची यादी त्यातच होती, आणि ती दुसऱ्या दिवशी पाठवायची होती. पहारेकरी गप्प होता. त्याची वही आठ महिन्यांपूर्वीची होती.

अशा वेळी काय करावे? आधी तारीख पाहावी. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडले की खाली ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ दिसते. तेथे यादी कधीची आहे ते कळते. इंटरनेट असेल तर ‘चेक फॉर अपडेट्स’ हे बटण दाबले की काम झाले.

आमच्या त्या संगणकाला इंटरनेट नव्हते. म्हणून आम्ही दुसऱ्या, निरोगी संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून यादीची फाईल उतरवली. तिचे नाव ‘एमपॅम-एफई’. ती शंभर एमबीहून मोठी असते. तुमचा संगणक 32 बिटचा की 64 बिटचा, हे पाहूनच ती निवडा. चुकीची फाईल चालत नाही. दुसऱ्या कंपनीचा ॲन्टिव्हायरस असेल तर फाईल त्याच कंपनीची हवी. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्याही अशी फाईल देतात. अनोळखी ठिकाणची ‘फुकट’ फाईल मात्र घेऊ नका. चोरालाही पहारेकऱ्याचा गणवेश शिवता येतो!

आम्ही ती फाईल कोऱ्या पेनड्राइव्हवर घेतली, आजारी संगणकात उतरवली आणि दोनदा क्लिक केले. पडद्यावर काहीच दिसले नाही. मुले म्हणाली, “सर, बिघडले!” पण ही फाईल मुकाट्यानेच काम करते. थोड्या वेळाने तारीख पाहिली, तर ती आजची होती.

मग ‘फुल स्कॅन’ सुरू केले. नवी यादी आली, तरी आधी आत शिरलेला चोर शोधावाच लागतो. झेरॉक्सवाला पेनड्राइव्हही लावून तपासला. त्याला दीड तास लागला. विषाणू सापडला, पण फोल्डरे अजून दिसेनात, कारण विषाणूने ती पुसली नव्हती, फक्त लपवली होती. लपवलेल्या फाईली उघड केल्या, तेव्हा गुणांची यादी जशीच्या तशी मिळाली.

कोरा म्हणून नेलेला पेनड्राइव्हही आम्ही परत वापरण्याआधी तपासला. त्यातही तोच शॉर्टकट बसलेला होता.