घामाची दुर्गंधी व तिचा घरगुती उपाय

भीमा व सीना ह्या नद्या कर्जत तालुक्याच्या कडेनें वाहतात. तरी मधल्या गांवांत पावसाचें मान कमी आणि उन्हाळा कडक. फाल्गुन सरतां सरतां ऊन तापूं लागतें, आणि वाडीवस्तीवरून पायीं अथवा सायकलीनें शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्याचा सदरा पहिल्या तासासच भिजलेला असतो. अशा वेळीं शेजारचा सोबती नाक मुरडतो, दुसरा एखादें टोपणनांव ठेवतो, आणि तो बिचारा चारचौघांत मिसळेनासा होतो. म्हणून ही दुर्गंधी कशी उत्पन्न होते व ती अल्प खर्चांत कशी दूर करावी, ह्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

विद्यार्थीमित्रहो, प्रथम हें ध्यानांत ठेवा कीं, ताज्या घामास बहुधा वासच नसतो. मनुष्याच्या त्वचेंत वीस ते चाळीस लक्ष घर्मग्रंथी असतात. त्यांतून केवळ पाणी व थोडें मीठ बाहेर पडतें, आणि तें पाणी वाळतांना शरीर थंड होतें. काखेंत व जांघेंत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी आहेत. त्या जन्मापासून असल्या तरी मूल वयांत येऊं लागलें म्हणजेच कार्य करूं लागतात. त्यांच्या दाट स्रावांत स्निग्ध व प्रथिनयुक्त द्रव्यें असतात. त्वचेवर नित्य वसणारे सूक्ष्म जंतु ह्या द्रव्यांचें विघटन करितात, आणि त्यांतून उग्र वासाचे पदार्थ निर्माण होतात. ह्यांपैकीं एका गंधकयुक्त पदार्थाची उत्पत्ति जंतूंतील ज्या विकरामुळें होते, त्याची रचना इंग्लंडांतील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० सालीं उलगडून दाखविली.

ह्यावरून उघड होतें कीं, ही दुर्गंधी म्हणजे कोणाच्या जातीची, गरिबीची किंवा शीलाची खूण नव्हे. तेराव्या वर्षीं ती शेतमजुराच्या मुलास येऊं शकते, तशीच तहसीलदाराच्या मुलासही येऊं शकते. कष्टाच्या घामाची लाज बाळगण्याचें कारण नाहीं. मात्र उपाय ठाऊक असून आळसानें न करणें हें बरें नव्हे.

पुष्कळांस वाटतें कीं, अत्तर लाविलें म्हणजे काम झालें. सुगंधी द्रव्यांचें शास्त्र आपल्याकडे फार जुनें आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील परशुराम कृष्ण गोडे ह्यांनीं १९४५ सालीं ‘गंधवाद’ ह्या ग्रंथाच्या दुर्मिळ हस्तलिखिताचा परिचय करून दिला. त्या ग्रंथावर मराठी टीका आहे, व तिचा काळ त्यांनीं सुमारें १३५० ते १५५० असा ठरविला. सुगंध मनास प्रसन्न करितो खरा, परंतु त्यानें दुर्गंधी झांकली जाते, नाहींशी होत नाहीं. तिचें मूळ जंतूंत असल्यामुळें उपायही तेथेंच केला पाहिजे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं १८८८ सालीं ‘मम’ नांवाचा जो लेप निघाला, त्यांत जस्ताचें संयुग असे तें ह्याच हेतूनें. आपल्या घरीं हेंच काम तुरटी करूं शकते.

तुरटी म्हणजे पोटॅशियम व अॅल्युमिनियम ह्या धातूंचा गंधकाम्लाशीं बनलेला क्षार. गढूळ पाणी निवळण्यास व दाढीनंतर लावण्यास ती सर्वांच्या परिचयाची आहे. ती त्वचेवर किंचित् आम्लता आणून जंतूंची वाढ रोखते. तिचा उपयोग दोन प्रकारें करितां येतो.

पहिला प्रकार: स्नानाच्या वेळीं काखा साबणानें धुवून स्वच्छ फडक्यानें टिपाव्या. तुरटीचा गुळगुळीत खडा पाण्यांत बुडवून काखेंत दोनतीन वेळां फिरवावा व ओल वाळूं द्यावी. पाण्याची टंचाई असल्यास तांब्याभर पाण्यांतही काखा व पाय धुतां येतात. खडा प्रत्येकाचा निराळा असावा व वापरानंतर कोरडा करून ठेवावा.

दुसरा प्रकार: एक पेला पाण्यांत वाळ्याच्या धुतलेल्या मुळ्या चिमूटभर घालून दहा मिनिटें उकळाव्या. पाणी निवल्यावर गाळून त्यांत एक लहान चमचा तुरटीची पूड विरघळवावी. हें पाणी कापसाच्या बोळ्यानें काखेंत लावावें. वाळ्यामुळें त्यास मंद सुगंध येतो. परंतु वनस्पतीचा काढा टिकत नाहीं, म्हणून थोडेंच करून तीनचार दिवसांत संपवावें. बाटलीवर नांव लिहावें व ती लहान मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

आतां सावधगिरीच्या कांहीं गोष्टी. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावें. खरचटलेल्या अथवा नुकत्याच केस काढलेल्या जागीं तुरटी लावूं नये. आग किंवा पुरळ उठल्यास उपाय तत्काळ थांबवावा. लिंबू व खाण्याचा सोडा चोळण्याचा सल्ला पुष्कळदां ऐकूं येतो, परंतु एक अति आम्ल व दुसरा अल्कधर्मी असल्यामुळें नाजूक कातडी त्यांनीं सोलवटते. घरगुती वस्तु ती निरुपद्रवी, असें नेहमींच नसतें. घाम अकस्मात् फार वाढला, वास एकाएकीं पालटला किंवा गळूं झालें, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

कपड्यांकडेही लक्ष द्यावें. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१४ सालीं व्यायामानंतरचे सदरे तपासले, तेव्हां सुती सदऱ्यांपेक्षां पॉलिएस्टरच्या सदऱ्यांना अधिक दुर्गंधी येत असल्याचें आढळलें. म्हणून उन्हाळ्यांत सुती बनियन बरें. कालचा घामट कपडा आज न धुतां अंगांत घातला, तर स्नान व तुरटी दोन्ही व्यर्थ होतात. कपडे उलटे करून उन्हांत वाळत घालावे.

पालकांस एवढीच विनंती कीं, मूल बारातेरा वर्षांचें झालें म्हणजे त्यास ह्या गोष्टी न रागावतां समजावून सांगाव्या, आणि मोरींत साबणाशेजारीं एक तुरटीचा खडा ठेवावा. आणि विद्यार्थ्यांनीं, एखाद्या सोबत्यास हा त्रास असेल, तर चारचौघांत हंसण्याऐवजीं त्यास एकांतांत हा उपाय सांगावा. खडा थोड्या पैशांत मिळतो; दुखावलेलें मन मात्र सहज सांधत नाहीं.