देहांतील काटा

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायांत प्रेषित पौल आपल्या देहांतील एका काट्याविषयीं लिहितो. हा काटा म्हणजे नेमकें काय, हें त्यानें सांगितलें नाहीं. कोणी नेत्ररोग म्हणतात, कोणी हिवताप. विद्यार्थ्यांनीं हा प्रश्न फार उकरूं नये. नांव दिलेलें नाहीं म्हणूनच प्रत्येकास आपला काटा तेथें ठेवून पाहतां येतो. तो निघावा अशी पौलानें तीन वेळां प्रार्थना केली. काटा निघाला नाहीं; तो सोसण्याइतकी कृपा मिळेल व देवाचें बळ त्याच्या अशक्तपणांतच दिसून येईल, असें उत्तर मात्र मिळालें.

यावरून कित्येक समजतात कीं, दुःख माणसास आपोआप नम्र करितें. तसें नाहीं. उपासमारींतून वांचलेला मनुष्य पुढें आपली कोठी अधिकच घट्ट लावून घेतो, हेंही आपण पाहतों. दुःख आपण कोणाच्या हातीं सोंपवितों, यावर सारें आहे.

पंडिता रमाबाईंचें चरित्र या दृष्टीनें वाचावें. त्यांचा जन्म १८५८ सालचा. सोळा वर्षांच्या असतांना दुष्काळानें आई, वडील व थोरली बहीण थोड्याच काळांत गेलीं. आईच्या प्रेतास खांदा द्यावयास दोनच ब्राह्मण मिळाले. उरलेल्या दोन जागीं रमाबाई व त्यांचे बंधु उभे राहिले. रमाबाई ठेंगण्या, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनीं डोक्यावर घेतला. पुढें १८८० सालीं बंधु व १८८२ सालीं पति वारले. तान्ही मनोरमा तेवढी जवळ राहिली.

१८८३ सालीं त्या वैद्यकी शिकण्यासाठीं इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथें त्यांनीं कन्येसह बाप्तिस्मा घेतला. परंतु कानांनीं नीट ऐकूं येईना, म्हणून वैद्यकीचा विचार सोडावा लागला. आमच्या मतें हाच त्यांचा काटा. श्रद्धा धरिल्यावर बहिरेपण गेलें, असें झालें नाहीं. तें जन्मभर राहिलें.

मग पालट झाला तो कोठें? १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या आणि उपाशी, अनाथ अशा शेंकडों मुली घेऊन आल्या. भूक म्हणजे काय, हें त्यांस कोणी सांगावें लागलें नाहीं. नम्रता म्हणजे मान खालीं घालून बसणें, अशी ज्या मुलांची समजूत असेल त्यांनीं हा प्रवास डोळ्यांपुढें आणावा. घरीं आजार किंवा गरिबी सोसणाऱ्या मुलास पालकांनीं नुसतें 'गप्प रहा' म्हणूं नये, तेंही याचसाठीं. त्याला जें कळलें आहे, तें वर्गांतील दुसऱ्या कोणास कळलेलें नसेल.

ज्यांस १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं 'सरस्वती' म्हणून गौरविलें, त्या रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. संस्कृतप्रचुर शब्द त्यांच्या जिभेवर होते, तरी खेड्यांतील अल्पशिक्षित बायांस कळावें म्हणून त्यांनीं साधे शब्द निवडले. १९२१ सालीं मनोरमाबाई निवर्तल्या. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. तो ग्रंथ केडगांवच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यांत तेथील स्त्रियांच्याच हातून छापून निघाला.