रानवाट, मोटार व चाकांचा चिखल

पश्चिम ऑस्ट्रेलियांत पर्थ शहराच्या पूर्वेस डार्लिंग नांवाची डोंगररांग आहे. तीवर जॅरा ह्या इमारती झाडांचें रान असून त्यांतून चारी चाकांना ओढ असलेल्या मोटारींच्या अरुंद वाटा गेल्या आहेत. मुंडारिंग गांवानजीक विजेच्या तारांखालून जाणारी वाट त्यांपैकींच होय. असल्या वाटेचे दोनचार मैलच हांकावयाचे असले, तरी कांहीं नियम पाळावे लागतात.

तेथील जमीन आपल्या कोंकणांतल्याप्रमाणें जांभ्याची असून तीवर वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले असतात. त्यांवरून चाक घसरतें. म्हणून :

(१) टायरांतील हवा सुमारें ३५ पौंडांवरून २५ पौंडांपर्यंत उतरवावी, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो. पक्क्या सडकेवर येतांच ती पुन्हा भरावी.

(२) अवघड जागा व पाण्याची खोली आधीं उतरून पहावी.

(३) चढावर धीम्या गिअरांत एकसारख्या वेगानें जावें. गाडी मध्येंच बंद पडल्यास आडवी वळवूं नये, ती कलंडते. रिव्हर्स गिअरांत सरळ मागें उतरवावी.

(४) उतारावर पहिल्या गिअरांत इंजिनाच्या अटकावानें उतरावें. क्लच दाबूं नये.

परंतु खरा धोका ह्याहून निराळा आहे. १९२१ च्या सुमारास तेथील जॅराचीं झाडें वाळूं लागल्याचें दिसून आलें. त्याचें कारण मात्र १९६० नंतरच हातीं लागलें. फायटॉप्थोरा सिनॅमोमी नांवाचा बुरशीसारखा सूक्ष्म जीव झाडांचीं मुळें कुजवीत होता. सुमात्रांतील दालचिनीच्या झाडांवरून १९२२ सालीं ओळखला गेलेला तो हाच. आपण होऊन तो फार दूर जात नाहीं. परंतु चाकांस व बुटांस लागलेल्या ओल्या मातीबरोबर एका दिवसांत कित्येक मैल जातो. त्या प्रांताच्या नैर्ऋत्य भागांतील देशी वनस्पतींपैकीं शेंकडा ४० हून अधिक जाती त्यास बळी पडूं शकतात. फॉस्फाइटानें झाड कांहीं काळ तग धरतें. पण रानाच्या मातींतून रोग समूळ काढण्याचा उपाय हातीं नाहीं. सबब कांहीं हद्दींत परवान्याशिवाय मोटार नेतां येत नाहीं. जाणता हांकणारा कोरड्या ऋतूंतच जातो, नवी चाकोरी पाडीत नाहीं, आणि रानांत शिरण्यापूर्वीं व निघतांना चाकें आणि गाडीचें पोट झाडून साफ करतो.

संत्र्यावरील डिंक्या ह्याच फायटॉप्थोरा वंशाच्या जीवांमुळें होतो. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्या बागेंत येतो, तो दुसऱ्याच्या शेताची माती घेऊनच येतो. त्याच्या भाड्याचा हिशेब आपण ठेवतों, त्या मातीचा कोणी ठेवीत नाहीं. तरी बागाइतदार बंधूंनीं ट्रॅक्टर बांधाबाहेरच उभा करवून फाळ व चाकें खरवडून धुवावीं, मगच तो आंत घ्यावा. आणि तें पाणी बागेकडे वाहूं देऊं नये. ह्यास घटकाभर वेळ लागेल, पण डिंक्यानें गेलेल्या झाडाच्या जागीं नवें झाड फळास येण्यास वर्षें लागतात.