नर्सिंगला जाताना घरची बोली सोबत न्या

धडगाव किंवा मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणासाठी आलेली बाई कळा सोसत पडलेली असते. डॉक्टर मराठीतून विचारतात, "कळा कधीपासून येताहेत? पाणी गेलं का?" तिला प्रश्न कळत नाही, किंवा कळला तरी लाजेनं ती मान फिरवते. तेवढ्यात एखादी सिस्टर जवळ येऊन तिच्याच पावरी बोलीत दोन वाक्यं बोलते आणि बाई पहिल्यांदा तोंड उघडते. पहाटेपासूनच्या कळा, वाटेतच गेलेलं पाणी, मागच्या खेपेला दगावलेलं मूल, सगळं सांगते. तिच्यावरचे खरे उपचार तिथून सुरू होतात.

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातली जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. भिली, पावरी, मावची या इथल्या घराघरांतल्या बोली. नर्सिंगला जायचं ठरवलेली इथली मुलं मात्र याच बोलीमुळे बुजतात. "आमचं मराठीच कच्चं, तिथं कसं निभेल?" असं विचारतात. त्यांना मनापासून सांगावंसं वाटतं, की तुमची बोली ही या पेशातली तुमची कमाई आहे. कच्च्या बाजू दुसऱ्या आहेत, आणि वर्ग सुरू होण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत त्यांवर बरंच काम करता येतं.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

एएनएम (सहायक परिचारिका प्रसविका) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे. कला शाखेतून बारावी झालेल्या मुलींनाही तो करता येतो. उपकेंद्रातली आरोग्यसेविका होण्याची ही वाट. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावं असा निकष आहे, म्हणजे एका सेविकेच्या हाती कितीतरी पाडे असतात.

जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका) तीन वर्षांचं असून मुलगेही ते करू शकतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असलं तरी इतर शाखांना दार बंद नाही. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी असून नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ती देतं. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, शिवाय राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यावी लागते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण झालेली असावीत.

घरची परिस्थिती बेताची असेल तर लहान अभ्यासक्रमानं सुरुवात करण्यात कमीपणा नाही. जीएनएम झाल्यावर नोकरी करून पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. पदवीनंतर समुदाय आरोग्य अधिकारी, एम्सची भरती, सैन्यातली परिचर्या सेवा, नर्सिंग कॉलेजात शिकवणं, अशा अनेक वाटा फुटतात.

कागदपत्रं उसतोडीला जाण्याआधी

आपल्याकडची कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर उसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात. प्रवेशाची धावपळ सुरू होते तेव्हा वडील शेकडो किलोमीटर दूर असतात आणि दाखला सहीवाचून अडतो. म्हणून बारावीचं वर्ष सुरू झालं की जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं एवढं तयार ठेवा. जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्याचा अर्ज सर्वांत आधी करा.

अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते आणि तिचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा असतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. चौकशी नंदुरबार किंवा तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. २०२४ पासून राज्य सरकारनं ओबीसी, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून झालेला असावा, ही अट विसरू नका.

कॉलेज पारखून घ्या

"सीट पक्की करून देतो" म्हणत एजंट गावापर्यंत येतात. त्यांच्या हाती मूळ गुणपत्रिका देऊ नका आणि पावतीशिवाय एक रुपयाही सोडू नका. कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि पदवीचं कॉलेज असेल तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. मग एकच प्रश्न विचारा: प्रॅक्टिकल कोणत्या रुग्णालयात होतात? जमल्यास त्या रुग्णालयात जाऊन या. वॉर्ड रिकामे दिसले तर मुलगी शिकणार कुठे? नर्सिंग रुग्णाच्या खाटेशी उभं राहूनच शिकावं लागतं.

हाताशी असलेले तीन महिने

इंग्रजी: पुस्तकं इंग्रजीत असतात, म्हणून आश्रमशाळेतून आलेली मुलं पहिल्या सहामाहीत गांगरतात. रोज पाच शब्द करा आणि ते तोडून शिका. शेवटी 'आयटिस' आलं की दाह. 'हायपर' म्हणजे जास्त, 'हायपो' म्हणजे कमी. अशा वीस-पंचवीस तुकड्यांत शेकडो शब्द उलगडतात.

गणित: ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून १ मिलिलिटरमागे १५ थेंब पडतात. मग मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले १५, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे सुमारे १६. एवढाच गुणाकार-भागाकार, पण तो चुकला तर रुग्णाला भोवतो. रोज असं एक उदाहरण सोडवा.

हात आणि डोळे: सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घ्या आणि घरातल्या प्रत्येकाची नाडी मोजा. मोठ्या माणसाची विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० असते. आजी झोपलेली असताना तिचे श्वास मोजा. साबणानं ४० ते ६० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट हात धुण्याची सवय लावा. गावातल्या आशाताईंसोबत एक दिवस फिरा, वजनकाटा आणि लसीकरण जवळून पाहा.

स्वतःचं शरीर: हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण अंगात रक्त कमी असेल तर आठ तास उभं राहणं झेपत नाही. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पूर्ण होतात, तेव्हा ती आधीच सुरू करा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करा. नुसती वाहक असलेल्या मुलीला या शिक्षणात अडचण नसते. प्रत्यक्ष आजार असेल तर रात्रपाळी आणि दगदगीबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

आई-वडिलांसाठी

रात्रपाळी, परक्या माणसांच्या अंगाला हात लावणं, पोरीचं लग्न, तुमच्या या काळज्या खऱ्या आहेत. त्यांना उत्तरं मिळायला हवीत, म्हणून प्रवेशाच्या दिवशी वसतिगृह स्वतः पाहा, वॉर्डनशी बोला, रात्रीच्या ड्युटीला मुलींची ने-आण कशी होते ते विचारा. आणि आपल्या घरी आजारपण आलं होतं तेव्हा कोणाच्या हाताची आपण वाट पाहत होतो, तेही आठवा.

पहिल्या महिन्यात लेक रडत फोन करेल. कधी पहिला मृत्यू पाहून, कधी पहिला मार बसलेला रुग्ण पाहून. लगेच "ये परत" म्हणू नका. जेवलीस का, झोपलीस का, एवढं विचारून तिला बोलू द्या. रक्त पाहून चक्कर येणं हे नालायकीचं लक्षण नाही. बहुतेकांना सवय होते. मुलग्यांनाही सांगा, ब्रदर होणं हे बायकी काम नव्हे. वजनदार रुग्ण उचलताना आणि अपघात विभागात त्यांची गरज रोज भासते.

निघण्यापूर्वीचं एक काम

बॅग भरून झाली की आजीजवळ किंवा गावच्या दाईजवळ बसा. कळ, ठणका, चक्कर, अंगावरून जाणं, घाबरं होणं, बाळ पोटात हलणं, या प्रत्येकाला आपल्या बोलीत नेमकं काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्या. शेजारी मराठी शब्द लिहा आणि तिसरा रकाना इंग्रजीसाठी मोकळा ठेवा. कॉलेजात शिकाल तसा तो भरत जाईल. ज्या दिवशी एखाद्या बाईचं बोलणं पहिल्या रकान्यातून तिसऱ्यात नेऊन तुम्ही डॉक्टरांना सांगाल, त्या दिवशी तिचा जीव तुमच्या दोन शब्दांवर टिकलेला असेल.