भुलीची सुई आता डोळ्यांपुढे

जिनिंगच्या यंत्रात वा मळणीयंत्रात हात सापडून जखमी झालेले रुग्ण जळगाव-धुळे परिसरातील रुग्णालयांना नवे नाहीत. रुग्ण नुकताच जेवलेला असेल किंवा त्यास दम्याचा विकार असेल, तर संपूर्ण भूल अधिक जोखमीची ठरते. अशा वेळी हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंभोवती औषध सोडून केवळ तो हात बधिर करता येतो. रुग्ण जागा राहतो व त्याचा श्वास त्याचाच चालतो.

ही पद्धत जुनीच आहे. पूर्वी हाडांच्या खुणा चाचपून सुई घालावी लागे आणि बोटांत मुंग्या आल्या की जागा सापडली असे मानले जाई. पुढे विजेच्या सौम्य प्रवाहाने स्नायू हलवून मज्जातंतू शोधणारे यंत्र आले. परंतु गळ्याच्या हाडाच्या वर मज्जातंतूंना लागूनच मोठी रोहिणी असते व खाली फुफ्फुस. सुई थोडी चुकली तरी इजेचा धोका असे. १९९४ मध्ये व्हिएन्ना येथील कॅप्राल व सहकाऱ्यांनी सोनोग्राफीत पाहून याच जागी औषध देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले.

पडद्यावर रोहिणी काळ्या, धडधडणाऱ्या वर्तुळासारखी दिसते व तिच्या बाजूस मज्जातंतू द्राक्षांच्या घडासारखे. सुईचे टोक आणि पसरणारे औषध दोन्ही पाहता येतात. त्यामुळे अनेकदा कमी औषध पुरते व रक्तवाहिनीस सुई लागण्याची शक्यता घटते. धोका मात्र शून्य होत नाही. टोक दिसत नसेल तर सुई पुढे न नेणे, ही शिस्त प्रशिक्षणानेच अंगी बाणते. म्हणून यंत्राइतकाच प्रशिक्षणावरील खर्चही आम्ही आवश्यक मानतो.

या यंत्राबरोबर एक जबाबदारीही येते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ ८४२ मुली होत्या. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार भुलीसाठी घेतलेल्या सोनोग्राफी यंत्राचीही नोंदणी करावी लागते. ही कागदपत्रे आम्ही ओझे समजत नाही. ज्या यंत्राने हात वाचवावयाचा, त्याचा गैरवापर होऊ न देणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे.

नातेवाइकांना विनंती अशी की, शस्त्रक्रियेनंतर काही तास हातास संवेदना नसते. तो झोळीत ठेवावा, चूल व गरम भांड्यांपासून दूर राखावा. धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास तत्काळ परिचारिकेस कळवावे.