लाल झालेले परब

प्रश्न : आमच्या वाडीच्या मंडळाने देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी गोळा केली. एक यादी गावात झाली, दुसरी मुंबईत चाकरमान्यांनी केली. काही नावं दोन्हीकडे आहेत. त्यांना वर्गणीसाठी दोनदा फोन गेला आणि आम्हाला बोलणी खावी लागली. जुळणारी नावं एक्सेलमध्ये आपोआप रंगवता येतात असं भाचा म्हणाला. त्याने करून दाखवलं, तर जवळजवळ सगळी यादीच लाल झाली! सगळे परब, सगळे सावंत लाल. नेमकं काय चुकलं?
(एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : भाच्याला बोलू नका. त्याने बहुधा आडनावाचा रकाना निवडला आणि नियम लावला. कोकणातल्या वाडीत असं केलं की दुसरं होणार तरी काय? आंगणेवाडीची यादी घेऊन हा प्रयोग केलात, तर भराडीदेवीच्या त्या वाडीत पानभर आंगणेच लाल होतील. एखादी ओळ पांढरी राहिलीच तर ती पाहुण्याची समजायची. एक्सेल खोटं बोललं नाही. 'हा शब्द यादीत पुन्हा आला आहे' एवढंच ते म्हणालं. तुम्हाला मात्र 'हा माणूस पुन्हा आला आहे का' हे हवं होतं.

आधी बटणाचं बोलू. 'होम' टॅबवर 'कंडिशनल फॉरमॅटिंग', त्यात 'हायलाइट सेल्स रूल्स', आणि त्यात 'डुप्लिकेट व्हॅल्यूज'. अटीप्रमाणे रंग देण्याची सोय एक्सेलमध्ये १९९७च्या आवृत्तीपासून आहे, पण तेव्हा जास्तीत जास्त तीन अटी घालता यायच्या आणि जुळणी शोधायचं सूत्र आपलं आपणच लिहावं लागे. तयार बटण आलं २००७मध्ये. एकच यादी असेल तर ते पुरतं. तुमच्या दोन याद्या आहेत. दोन्ही रकाने एकदम निवडून बटण दाबलंत, तर गावच्याच यादीत चुकून दोनदा लिहिलेलं नावही लाल होईल आणि मुंबईशी जुळलेलं नावही लाल. त्यातलं कुठलं कशामुळे, ते कळणार नाही.

म्हणून सूत्रच लिहा. गावची यादी ए रकान्यात आणि मुंबईची डी रकान्यात आहे असं धरू. ए२पासून खाली गावची सगळी नावं निवडा, 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मध्ये 'न्यू रूल' घ्या, त्यातला सूत्राचा पर्याय निवडा आणि हे लिहा (अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टंकायचे) :

=काउंटइफ($डी$२:$डी$२००,ए२)>०

याचा अर्थ, ए२मधली नोंद मुंबईच्या यादीत किती वेळा आहे ते मोज, एकदा जरी सापडली तरी रंग दे. २००च्या जागी तुमच्या यादीची शेवटची ओळ घाला.

यात लोक हमखास अडखळतात ते डॉलरच्या चिन्हापाशी. डॉलर म्हणजे नांगर. मुंबईच्या यादीला नांगर टाकला नाही तर एक्सेल प्रत्येक ओळीबरोबर ती यादी एकेक घर खाली ढकलत नेतं. ओहोटीला सुटलेल्या होडीसारखी ती सरकत जाते आणि तळाच्या नावांपर्यंत पोचेस्तोवर वरची अर्धी मुंबई हिशोबातून गळलेली असते. ए२ला मात्र नांगर नको, कारण ते ओळीगणिक सरकायलाच हवं. गूगल शीट्समध्ये हेच सूत्र 'फॉरमॅट' मेनूतल्या 'कंडिशनल फॉरमॅटिंग'मध्ये, 'कस्टम फॉर्म्युला' निवडून चालतं. दुसरी यादी वेगळ्या पानावर असेल तर तिथे 'इनडायरेक्ट' या फंक्शनची मदत लागते. एक्सेलमध्ये २०१०पासून तीही गरज उरलेली नाही.

आता नावांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. भाच्याला जास्त लाल दिसलं, पण जिथे लाल व्हायला हवं होतं तिथे ते झालं नसण्याचीही तेवढीच शक्यता आहे. गावच्या यादीत 'मेस्त्री', मुंबईच्या यादीत 'मेस्री'. इकडे 'तांडेल', तिकडे 'तंडेल'. एकीकडे नाव आधी, दुसरीकडे आडनाव आधी. कुणाच्या वडिलांचं नाव पुरतं, कुणाचं नुसतं आद्याक्षर. नावाच्या शेवटी स्पेसबार दाबला गेला असेल तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण एक्सेलच्या लेखी तो निराळा शब्द. ही जादा मोकळी जागा 'ट्रिम' फंक्शनने काढता येते.

देवनागरीत याहून चकवणारा एक प्रकार आहे. 'कऱ्हाडकर'मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हेने टंकता येतो, 'ॲ'चंही तेच. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आत मात्र वेगळे. आणि एखादी यादी जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये केलेली असेल, तर आत मराठी नसतंच. असतात इंग्रजी अक्षरं, फाँटने मराठीचा वेश चढवलेली. फाँट बदलून पाहा, खिचडी दिसेल. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्याशिवाय जुळणीच्या नादी लागू नका.

अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे आठवतो ना? माणूस एक, नावं अनेक. आपला हा लाल रंग त्याला जन्मात पकडणार नाही.

म्हणून नावावर जुळवूच नका, मोबाइल क्रमांकावर जुळवा. फक्त आधी तो सारखा करून घ्या. कुणी अधिक एक्क्याण्णव लावून लिहितं, कुणी पुढे शून्य, कुणी मध्ये जागा सोडतं. 'सब्स्टिट्यूट'ने मोकळ्या जागा काढा, 'राइट'ने शेवटचे १० अंक नव्या रकान्यात घ्या आणि वरचं सूत्र त्या रकान्याला लावा. बँकेच्या खाते क्रमांकावर जुळवायचा मोह झाला तर जपून. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं. क्रमांक १६ अंकी असेल आणि फक्त शेवटचा अंक वेगळा असेल, तर 'काउंटइफ' दोन वेगळी खाती एकच मानतं, अगदी रकाना 'टेक्स्ट' केलेला असला तरी.

क्रमांकानेही सगळं सुटत नाही. गावी आई-वडिलांच्या नावापुढे मुंबईच्या मुलाचा मोबाइल दिलेला असतो. वर्गणीदार तिघं, क्रमांक एक. तेव्हा लाल ओळ म्हणजे 'इथे विचारा', 'इथे कापा' नव्हे.

हा पेच तुमच्या मंडळापुरता नाही. २०२५च्या अखेरीस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका झाल्या. मालवण नगरपरिषदेसाठी २ डिसेंबरला मतदान झालं. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावांपुढे दोन तारे छापले होते. कायद्याने एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असता कामा नये, लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५०च्या कलम १७मध्ये ते स्पष्ट आहे. पण तारे पडले म्हणून नाव कापलं, असं नव्हतं. नाव, लिंग, पत्ता, छायाचित्र ताडून पाहायचं, मतदार कुठे मत देणार ते त्याच्याकडून घ्यायचं, आणि ज्याने कळवलं नाही त्याच्याकडून मतदान केंद्रावर लिहून घ्यायचं, अशी रीत होती. यादीवरून त्या दिवसांत राजकारण पुष्कळ तापलं, त्यात मी पडत नाही. पण 'संभाव्य' हा शब्द मला आवडला. तुमच्या रंगाच्या खुणेलाही तेच नाव द्या.

आणि 'डेटा' टॅबवर 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' नावाचं एक बटण आहे, त्यापासून भाच्याला दूर ठेवा. ते पहिली नोंद ठेवतं आणि पुढच्या जुळणाऱ्या उडवून टाकतं, कुठली उडवली ते दाखवतही नाही. त्या ओळीत मुंबईत भरलेली रक्कम असली तर तीही गेली. पुढच्या सभेत हिशोब विचारणारे तुम्हाला सोडतील का?

त्यापेक्षा रंगानुसार फिल्टर लावून लाल ओळी तेवढ्या छापून घ्या आणि वाडीतल्या एखाद्या जाणत्या आजीसमोर वाचा. 'ह्यो खालच्या घरातलो, तो शाळेकडचो,' असं करत तासाभरात ती सगळे परब वेगळे करून देईल. ती सांगेल ते टिपायला यादीत एक नवा रकाना घाला, मथळा 'घर'. पुढल्या खेपेला सूत्र या रकान्यालाही लावता येईल.